एक जूनची मुलगी: पोक्सोच्या खटल्यात वयाचा कागद

भाग ऐकण्याआधी: यात मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांविषयी बोलणं आहे. घटनांचं वर्णन नाही, पण विषय जड आहे. नको वाटलं तर थांबा, नंतर ऐका. मुलांसाठीची चोवीस तास चालणारी हेल्पलाइन १०९८ आहे.



आज आधी एक छोटं काम करा. घरातल्या पन्नाशीपुढच्या माणसांची आधार कार्डं मागून बघा. आजोबा, मोठे काका, आत्या, शेजारचे दोन-चार जण. त्यात कुणाची तरी जन्मतारीख १ जून निघण्याची शक्यता चांगलीच आहे. आपल्या महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवसांचा पूर येतो, त्यावर दरवर्षी मीम फिरतात, तुम्हीही फॉरवर्ड केली असतील. कारण साधं आहे. पोरगं जन्मलं घरी, सुईणीच्या हातावर. नोंद कुणी केली नाही. मग एक दिवस बापानं हाताला धरून शाळेत नेलं. गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा? बाप म्हणाला, लिहा तुम्हीच. गुरुजींनी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगितला. हात पुरला, म्हणजे पोरगं सहा वर्षांचं. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून तारीख १ जून. विषय संपला.

हे ऐकायला गंमत वाटते. पेन्शनच्या वेळी थोडी अडचण होते, तेवढंच. पण हीच तारीख एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या नावापुढे असेल आणि ती मुलगी पोक्सोच्या खटल्यात साक्षीदार असेल, तर त्या तारखेवर पुढचं सगळं उभं राहतं किंवा कोसळतं. आजचा भाग त्या तारखेबद्दल आहे.

पोक्सो म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. या कायद्यात 'बालक' म्हणजे अठरा वर्षं पूर्ण न झालेली कुणीही व्यक्ती, मुलगी किंवा मुलगा. अठराच्या आत असेल तर संमती होती का, हा प्रश्नच कोर्टात येत नाही. मुलीनं 'हो' म्हटलं असेल, आरडाओरडा केला नसेल, अंगावर एकही ओरखडा नसेल, तरी फरक पडत नाही. अठरा पूर्ण झाली असेल, तर चित्र पार बदलतं. मग संमती, प्रतिकार, जखमा, ओळख होती का, आधी बोलणं होतं का, सगळं उकरून काढलं जातं.

म्हणून या खटल्यात पहिली गोष्ट सिद्ध करायची असते ती 'काय झालं' ही नाही. मुलीचं वय किती, ही. पोक्सोच्या कलम २९ मध्ये आरोपीविरुद्ध गृहीतक आहे, म्हणजे गुन्हा त्यानं केला असं कोर्ट धरून चालतं आणि तसं नाही हे दाखवणं त्याच्यावर येतं. खूप जणांना वाटतं की या कलमामुळे सरकार पक्षाला काही करायचंच नसतं. तसं नाही. मूळ गोष्टी सरकार पक्षालाच सिद्ध कराव्या लागतात, आणि त्यातली सगळ्यात मूळ गोष्ट म्हणजे समोरची मुलगी 'बालक' आहे.

आता यातला विरोधाभास बघा. लहान मुलाच्या साक्षीवर आपल्या कायद्याचा बऱ्यापैकी विश्वास आहे. साक्ष द्यायला कमीत कमी अमुक वय पाहिजे, असं आपल्या पुरावा कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. प्रश्न समजतो का आणि समजेल असं उत्तर देता येतं का, एवढंच न्यायाधीश बघतात. १९९७ मध्ये दत्तू रामराव साखरे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खुनाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मूल समर्थ आणि विश्वासार्ह वाटलं तर त्याच्या एकट्याच्या साक्षीवरही शिक्षा देता येते. पोक्सोत तर वकिलानं मुलाला थेट प्रश्न विचारायचे नाहीत, ते न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी विचारायचे, अशी तरतूद आहे. मुलाला आरोपी समोर दिसू नये, याचीही आहे. मार्च २०२५ मध्ये राजस्थानातल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं त्याहून पुढचं सांगितलं. घटना १९८६ ची. लहान मुलगी साक्षीच्या वेळी काहीच बोलली नव्हती, नुसती रडली होती. ते गप्प राहणं आरोपीच्या बाजूनं धरता येणार नाही, असं म्हणून कोर्टानं शिक्षा पुन्हा लागू केली.

म्हणजे मुलगी जे सांगते त्यावर विश्वास आहे, मुलगी रडते त्यावरही आहे. पण 'मी पंधरा वर्षांची आहे' या तिच्या वाक्यावर नाही. त्याला कागद लागतो. आणि तो कागद तिनं केलेला नसतो. तो केलेला असतो बापानं, ग्रामसेवकानं, नर्सबाईनं, गुरुजीनं. किंवा कुणीच केलेला नसतो.

कुठला कागद? बाल न्याय कायदा २०१५, कलम ९४. मुळात ते कलम बालकल्याण समिती आणि बाल न्याय मंडळासमोर येणाऱ्या मुलांसाठी आहे. पण पीडित मुलीचं वयही त्याच पद्धतीनं ठरवायचं, हे सुप्रीम कोर्टानं २०१३ च्या जर्नैल सिंग प्रकरणात सांगितलं, तेव्हा जुने नियम होते. आता या कलमात क्रम दिलाय. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीच्या बोर्डाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला. तोही नसेल तरच हाडांची तपासणी.

क्रम वाचून वाटतं, काय अवघड आहे? मुलगी शाळेत जाते, शाळेचा कागद आणा, झालं. इथेच गाडी अडते.

कोर्टाच्या भाषेत दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक, पुरावा ग्राह्य आहे का, म्हणजे तो कोर्टाच्या दारातून आत येऊ शकतो का. दुसरी, आत आल्यावर त्याला वजन किती. सरकारी कामात सरकारी नोकरानं केलेली नोंद ग्राह्य असते, जिल्हा परिषदेच्या शाळेचं रजिस्टर आत येतंच. पण आत येऊन ते काहीच बोलत नाही, असं होऊ शकतं. १९८८ च्या बिरदमल सिंघवी निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शाळेच्या रजिस्टरमधली जन्मतारीख कुणी सांगितली, कशावरून लिहिली, हे सांगणारा माणूस साक्षीला आला नाही तर त्या नोंदीला पुरावा म्हणून किंमत नाही. गंमत म्हणजे ते प्रकरण निवडणुकीचं होतं. उमेदवारांच्या वयाचा वाद होता. तो निकाल आज गावोगावच्या मुलींच्या खटल्यात वाचला जातो.

जुलै २०२३ मध्ये पी. युवाप्रकाश या तामिळनाडूच्या प्रकरणात तर सुप्रीम कोर्टानं स्पष्टच केलं की शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे आपली टीसी, आणि प्रवेश रजिस्टरचा उतारा हे कलम ९४ ला अपेक्षित असलेले कागद नाहीत. त्या प्रकरणात डॉक्टरांनी मुलीचं वय १८ ते २० च्या दरम्यान सांगितलं होतं. पोक्सोखालची शिक्षा रद्द झाली.

आता कोर्टात हे कसं घडतं ते ऐका. हे कुठल्या एका खटल्यातलं नाही. असे प्रश्न इतक्या वेळा विचारले जातात की कुठल्याही सेशन कोर्टात मागच्या बाकावर बसलात तर ऐकायला मिळतील. मुख्याध्यापक रजिस्टर घेऊन आलेत. सरकारी वकिलांनी तारीख वाचून घेतली. मग बचावाचे वकील उठतात.

"गुरुजी, ही नोंद तुमच्या हातची आहे का?"

"नाही जी. त्या वेळी मी या शाळेवर नव्हतो."

"ज्यांनी लिहिली ते कुठे आहेत?"

"रिटायर झाले."

"प्रवेशाच्या वेळी जन्माचा दाखला घेतला होता, असं रजिस्टरमध्ये कुठे लिहिलंय?"

"नाही."

"म्हणजे पालकांनी सांगितलं ते लिहिलं?"

"तसंच असेल."

"किंवा अंदाजानं लिहिलं असेल?"

"सांगता येत नाही साहेब."

संपलं. पाच मिनिटं लागत नाहीत. यात बचावाच्या वकिलानं काही लबाडी केली का? नाही. त्याचं कामच ते आहे. गुरुजी खोटं बोलले का? उलट, अगदी खरं बोलले. आणि त्या पाच मिनिटांत मुलगी कायद्याच्या नजरेत बालक राहिली नाही.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न जास्त बोचतो. सोळा तालुक्यांचा जिल्हा. पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजीकडे कोलामांचे पोड, पुसद-दिग्रस-दारव्ह्याकडे बंजारा तांडे. ऊसतोडीला, वीटभट्टीला, पुण्याकडच्या बांधकामावर गेलेली कुटुंबं. मूल जन्मतं कामाच्या ठिकाणी, पहिली-दुसरी शिकतं तिसऱ्याच जिल्ह्यात, नाव घातलं जातं चौथ्या शाळेत. झरी-जामणी, मारेगाव हे तालुके 'कुमारी माता' या शब्दासह वर्षानुवर्षं बातम्यांत येत राहिले. बाहेरून आलेले पुरुष, आदिवासी मुली, पदरात मूल. (हा शब्द मला अजिबात आवडत नाही. पुरुष त्यात कुठेच नाही.) अशा मुलीची तक्रार नोंदवली गेलीच, तर बाळाच्या डीएनएवरून बाप कोण ते कळू शकतं. पण आई तेव्हा किती वर्षांची होती, हे डीएनए सांगत नाही.

जिल्ह्यातलंच एक प्रकरण सांगते. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचे दोन निकाल गाजले. न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांचे. एक तुम्हाला आठवत असेल, नागपूरच्या बारा वर्षांच्या मुलीचा, 'स्किन टू स्किन' म्हणून देशभर ज्यावर ओरड झाली. तो निकाल सुप्रीम कोर्टानं १८ नोव्हेंबर २०२१ ला फिरवला. दुसरा यवतमाळचा होता. त्यावरही बातम्या झाल्या, पण चुकीच्या गोष्टीवर.

जुलै २०१३ ची फिर्याद. मुलीच्या आईनं दिलेली. मुलगी पंधरा वर्षांची आहे, असं सांगितलेलं. २०१९ मध्ये विशेष कोर्टानं बलात्कार आणि घरात घुसणं या भारतीय दंड संहितेच्या कलमांखाली आरोपीला दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. तो अपिलात गेला. हायकोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. बातम्यांत आलं ते वाक्य असं की एकट्या माणसाला मुलीचं तोंड दाबणं, स्वतःचे आणि तिचे कपडे काढणं आणि हे सगळं झटापट न होता करणं अशक्य वाटतं. लोक त्या वाक्यावर तुटून पडले. राग येण्यासारखंच वाक्य आहे. भीतीनं माणूस गोठतो, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. ते वाक्य लिहायची वेळ का आली? कारण मुलगी अठराच्या आत होती हे सिद्ध झालेलं नव्हतं. वय सिद्ध असतं तर झटापट झाली का, जखमा होत्या का, दोघांची मर्जी होती का, हे प्रश्न उठलेच नसते. आईनं फिर्यादीत सांगितलेले 'पंधरा' कागदावर उतरले नाहीत, म्हणून सगळा खटला 'संमती होती की नव्हती' या मैदानात गेला. आणि त्या मैदानात काय होतं, हे विदर्भाला पन्नास वर्षांपासून माहीत आहे. तो माणूस निकालानं निर्दोष आहे, त्याच्याबद्दल मी काही म्हणत नाही, नावही घेणार नाही. मी कागदाबद्दल बोलतेय.

पन्नास वर्षं म्हटलं ते देसाईगंजमुळे. वडसा-देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात होतं. मार्च १९७२. एक अनाथ आदिवासी मुलगी, पोलीस ठाणं, दोन पोलीस. कायद्याच्या पुस्तकांत हे प्रकरण त्या मुलीच्या नावानंच ओळखलं जातं. आज तसं नाव छापलं तर गुन्हा होईल, म्हणून मीही घेत नाही. १९७४ मध्ये सेशन कोर्टानं दोघांना सोडलं, १९७६ मध्ये नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. अंगावर जखम नाही, म्हणजे विरोध केला नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. हा इतिहास अभ्यासक्रमात आहे.

त्यातलं एक पान मात्र कुणी फारसं उघडत नाही. त्या काळात संमतीचं वय सोळा होतं. डॉक्टरांनी त्या मुलीचं वय १४ ते १६ च्या दरम्यान सांगितलं होतं. आणि सेशन कोर्टानं काय म्हटलं? घटनेच्या दिवशी ती सोळाच्या आत होती याचा समाधानकारक पुरावा नाही. ती सोळाच्या आत ठरली असती तर संमतीचा प्रश्नच मिटला असता. १९७२ ला देसाईगंज, २०१३ ला यवतमाळ. मध्ये एकेचाळीस वर्षं, एक नवा कायदा, आणि तीच फट.

"मग हाडं तपासा ना," असं कुणीही म्हणेल. एक्स-रे काढून मनगट, कोपर, कंबर यांची हाडं किती जुळली ते बघतात. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होते ही तपासणी. पण डॉक्टर तारीख सांगत नाहीत, पट्टा सांगतात: सोळा ते अठरा, असं. त्यात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक धरायची पद्धत आहे, १९८२ च्या जयामाला निकालापासून. जुलै २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टानं सांगितलं की पोक्सोच्या खटल्यात पट्ट्यातला वरचा आकडा घ्यायचा आणि त्यात आणखी दोन वर्षं मिळवायची, कारण संशयाचा फायदा आरोपीला. हिशेब करा. सोळा ते अठरा. वरचा आकडा अठरा. अधिक दोन. वीस. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी तपासणीच्या खोलीतून वीस वर्षांची होऊन बाहेर येते.

हे अन्यायाचं वाटतं, मलाही वाटतं. पण दुसरी बाजू सांगितली नाही तर भाग अर्धवट राहील. पोक्सोच्या कितीतरी फिर्यादी दोघं पळून गेल्यावर होतात. मुलगी सतरा-साडेसतराची, मुलगा वीसचा, दोघं एका कॉलेजातले किंवा एका वस्तीतले. मुलगी कोर्टात म्हणते, मी माझ्या मर्जीनं गेले. मुलीच्या घरचे टीसी पुढे करतात. तिथेही तीच १ जून आहे. अंदाजानं लिहिलेल्या तारखेवर एका पोराला दहा किंवा वीस वर्षं आत घालायचं का? पोक्सोच्या कठोर कलमांत शिक्षा तेवढी मोठी आहे. म्हणून कोर्ट कागदाची कसून तपासणी करतं, आणि ते करायलाच हवं. नियम सैल करा, अशी माझी मागणी नाही. गुरुजींच्या अंदाजावर कुणाचंही आयुष्य जाऊ नये, मुलीचंही आणि त्या पोराचंही.

मग जन्माचा दाखला हाच उपाय. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. एकवीस दिवसांच्या आत नोंद मोफत. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदललाय, त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणजे जन्माचा दाखला. त्यामुळे आज रांगणारी मुलं सोळाची होतील तेव्हा हा भाग कदाचित जुना वाटेल. पण आज कोर्टात उभ्या असलेल्या मुली त्याआधी जन्मलेल्या आहेत.

त्यांच्या दाखल्यातही गोम असते. दवाखान्यात जन्म झाला, नोंद झाली, पण नावाचा रकाना कोरा. बारसं व्हायचं होतं ना! नुसतं 'स्त्री', आईचं नाव, बापाचं नाव. आईचं नाव माहेरचं. आधारवर सासरचं, तेही वेगळ्या स्पेलिंगनं. बचावाचे वकील विचारतात: हा दाखला याच मुलीचा कशावरून? तुम्हाला तीन मुली आहेत, यातली ही कुठली? प्रश्न रास्त आहे. उत्तर देणारं कुणी तयार नसतं, कारण हा प्रश्न येणार हे त्या माउलीला कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि आता शेंदूरसनी. आर्णी तालुक्यातलं गाव, जेमतेम दीड हजार वस्तीचं. २०२५ च्या शेवटी उघड झालं की या ग्रामपंचायतीच्या नावानं ऑनलाइन प्रणालीत काही महिन्यांत सत्तावीस हजारांहून जास्त जन्मनोंदी झाल्यात. एसआयटी नेमली गेली. त्यावर राजकारण किती झालं ते तुम्ही मोबाइलवर बघितलंच असेल. माझ्या डोक्यात आलं ते वेगळंच. ज्या कागदाला कोर्ट सगळ्यात जास्त मान देतं, त्याच्यावरच आता बोट ठेवता येतं. उशिरा नोंद केलेला दाखला समोर आला की यवतमाळ जिल्ह्यातला कुठलाही वकील विचारणार: ही नोंद कधीची? घटनेच्या आधीची की नंतरची? पोडावरच्या एखाद्या बापानं खरोखर उशिरा, पण खरी नोंद केली असेल, तर तोही त्या सत्तावीस हजारांच्या सावलीत उभा.

मग काय करता येतं? खूप काही. आणि बहुतेक गोष्टी फिर्याद दाखल झाल्यानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांत करायच्या असतात. मुलगी आयुष्यात पहिल्यांदा ज्या शाळेत गेली त्या शाळेचं मूळ रजिस्टर शोधा. शेवटच्या शाळेची टीसी नको. ज्यांनी नोंद केली ते गुरुजी रिटायर झाले असले तरी हयात असतात, त्यांचं नाव पोलिसांना द्या. अंगणवाडीचं रजिस्टर, लसीकरणाचं कार्ड, आशाताईंच्या नोंदी, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. हे कलम ९४ च्या यादीत नाहीत, पण दाखला याच मुलीचा आहे हे जोडून दाखवायला उपयोगी पडतात. आपल्या विदर्भात जुन्या लोकांच्या जातीच्या दाखल्यासाठी कोतवाल बुकाची नक्कल काढतात ना, तशीच चिकाटी इथे लागते.

आणि आईची साक्ष. हिला सगळे विसरतात. तारीख सांगता आली नाही म्हणून आईला काही माहीत नाही, असं धरलं जातं. आई तारखेत बोलत नाही, ती सालात बोलते. "ज्या साली फवारणीनं माणसं दगावली, त्या साली हे पोरगी पहिल्या वर्गात जात होती जी." फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळात शेतकरी-मजूर गेले ते साल २०१७. पहिल्या वर्गात म्हणजे सहा वर्षांची, म्हणजे जन्म २०११ च्या आसपास. लग्न कधी झालं, पहिलं मूल किती वर्षांनी, धाकट्याशी अंतर किती, हे सरकारी वकिलांनी नीट विचारून घेतलं तर रजिस्टरमधल्या कोरड्या नोंदीला आधार मिळतो. कोर्टं असा आधार बघतात.

अजून एक. फौजदारी प्रक्रियेत, जुन्या कायद्यात कलम २९४ आणि आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३३०, सरकार पक्ष आरोपीला सरळ विचारू शकतो की हा कागद मान्य आहे का. मान्य केला तर तो वेगळा सिद्ध करायची गरज नाही. बऱ्याचदा बचाव वेगळ्याच मुद्द्यावर असतो आणि जन्मदाखला मान्यही होतो. नुसतं विचारायचं असतं. मुलीच्या घरच्यांनी सरकारी वकिलांना "साहेब, वयाच्या कागदाचं काय?" एवढं विचारलं तरी चालतं. तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

मोबाइलबद्दल दोन गोष्टी, कारण तुम्ही सगळे मोबाइलवरच ऐकताय. आधार कार्ड दाखवून वय सिद्ध होईल, असं धरू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं अपघात भरपाईच्या एका प्रकरणात सांगितलं की आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. आणि व्हॉट्सअॅपवरचा दाखल्याचा फोटो पोलिसांना दाखवायला ठीक, कोर्टात सही-शिक्क्याची नक्कल लागते. चॅट, रेकॉर्डिंग यांना तर वेगळं प्रमाणपत्र लागतं. तो नियम पक्का झाला आपल्या जालन्याच्याच प्रकरणात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, जुलै २०२०. आता साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ते प्रमाणपत्र दोन भागांत द्यावं लागतं. म्हणून मूळ फोन जपा, फॉरमॅट मारू नका.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. एखाद्या मुलीचा तसला व्हिडिओ तुमच्याकडे आला, तर 'पुरावा म्हणून' कुणालाही पाठवू नका, ग्रुपवर तर नाहीच. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की मुलांचं असं साहित्य जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतो. पोलिसांना किंवा १०९८ ला लगेच कळवा.

घरी लहान भाऊ-बहीण असेल, तर आज त्यांचा दाखला काढून नावाचा रकाना बघा. कोरा असेल तर नाव घालता येतं, जन्मनोंदीपासून पंधरा वर्षांपर्यंत. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत जिथे नोंद आहे तिथे अर्ज करायचा. आईचं नाव आधारवर जसं आहे तसंच आहे का, तेही बघून घ्या.

पुढच्या भागात उलटतपासाबद्दल बोलू. पोक्सोत प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारायचे असतात असं मी वर सांगितलं, प्रत्यक्षात ते कसं चालतं, त्यावर. तोवर नमस्कार.